ओकच्या फळांचा काळा पाव

१ ऑक्टोबर १९६२, सोमवार. सकाळी आठ वाजता आम्ही दोघी बायका अंगणात समोरासमोर बसलो होतो. मधे लाकडाचा ओंडका, बाजूला दोन टोपल्या, आणि त्या दुपारच्या आत फोडून संपवायच्या होत्या. एक फळ ओंडक्यावर उभं धरायचं, लाकडी हातोडीने हलकासा घाव घालायचा, की कवच दोन्हीकडे उडतं आणि आत बदामासारखी दोन दळं दिसतात. त्या दळांवरचा तपकिरी पापुद्रा चोळून काढायचा. तो राहिला तर सगळं पीठ तुरट होतं. समोरच्या म्हातारीने हे मला बोलून सांगितलं नाही. पापुद्रा राहिलेलं एक दळ तिने माझ्या टोपलीतून उचललं, माझ्या नाकासमोर धरलं आणि परत टाकलं. मीही मुलींना वर्षानुवर्षं असंच शिकवत आले आहे, त्यामुळे राग आला नाही. मी ते दळ पुन्हा चोळलं.

फळाचं नाव आयशेल. ओकच्या झाडाला लागतं. सुपारीहून लांबट, चकचकीत, आणि डोक्यावर बारीक खवल्यांची टोपी. जर्मनीत ते डुकरांना घालतात. माणसंही ते खात आली आहेत, हे मात्र तिथल्या तीन महिन्यांत मला एकानेही सांगितलं नव्हतं.

परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, र्‍हाइन नदी केवढी आहे, कारखाने कसे आहेत, रस्ते खरोखरच आरशासारखे आहेत का. नदी मोठी आहे. कारखाने स्वच्छ आहेत. रस्ते चांगले आहेत. याहून जास्त माहिती हवी असेल तर ती लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्या एका आठवड्याबद्दल लिहिणार आहे, कारण त्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही.

मी जव्हारकडच्या एका आदिवासी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. मोठ्या स्वयंपाकघरांची व्यवस्था पाहून यावी म्हणून आमच्या संस्थेने मला ड्युसेलडॉर्फला पाठवलं होतं. बटाटे सोलायची यंत्रं, वाफेची पातेली, पाचशे माणसांचं जेवण पाऊण तासात वाढून होतं ते कॅन्टीन, हे सगळं पाहिलं, वहीत उतरवलं. शेवटचे दहा दिवस मोकळे होते, म्हणून माझा भाचा मधू मला त्याच्याकडे घेऊन गेला. तो तिथल्या एका तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. विषय ओकच्या सालीतली टॅनिन, म्हणजे कातडं कमावायला लागतं ते तुरट द्रव्य. सालीचे नमुने गोळा करायला तो स्पेसार्टच्या जंगलातल्या एका वाडीत जाऊन राहायचा. "आत्या, तुला जंगल आवडतं ना? आल्झो, चल," एवढ्यावर मला नेलं; मराठी बोलतानाही त्याच्या तोंडात जर्मन शब्द येत.

वाडी सहा घरांची. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या सूनबाईंनी तशी अट घातली आणि मी ती मानली. त्यांच्या बाकीच्या अटी मानल्या नाहीत, त्याचीच ही हकीकत.

आम्ही उतरलो ते घर कॉनराडचं. हा जंगलखात्यातला लाकूडतोड्या, मोठा, शांत, दिवसाला दहा शब्द बोलणारा. बायको हेल्गा, म्हणजे वर म्हटलेल्या सूनबाई, चाळिशीच्या आतली, घर आरशासारखं ठेवणारी. आणि कॉनराडची आई लेना, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचा आजा, बाप, नवरा सगळे याच जंगलात कोळसा पाडायचे. गेल्या हिवाळ्यात बर्फावर पडून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. ते सांधलं होतं, पण त्यात जोर नव्हता. मी पन्नाशी ओलांडलेली. मला ती "मेडशेन" म्हणजे "पोरी" म्हणायची. मधूने पहिल्यांदा भाषांतर केलं तेव्हा तो हसला. मी त्याला हसू दिलं.

टोपल्यांतली फळं आदल्या वर्षीची होती, माळ्यावर वाळवून ठेवलेली. पुढचा रविवार सुगीच्या सणाचा होता. आपल्याकडे नवीन भाताच्या लोंब्या देवापुढे ठेवतात तसं तिथे सुगीचं सगळं, भोपळे, सफरचंदं, द्राक्षं आणि प्रत्येक घरचा एक पाव, खालच्या गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वेदीपुढे मांडतात. लढाईनंतरचे दोन हिवाळे ही सगळी वाडी आयशेलच्या पिठावर जगली. तेव्हापासून दर वर्षी लेना आपल्या घरचा म्हणून आयशेलचा पाव ठेवत आली होती. गेली दोन वर्षं तो ठेवला गेला नव्हता. एका वर्षी भिजवायचं पोतं सापडलं नाही. दुसर्‍या वर्षी माळ्याची किल्ली सापडली नाही. या वर्षी पोतं होतं, किल्ली होती, पण मनगट गेलं होतं.

रविवारी संध्याकाळी मी पोचले तेव्हा तिने माझा हात हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. तळव्यावरचे घट्टे बघितले. सोमवारी सकाळी माझ्यापुढे टोपली होती.

दुपारी दळं कांडली. त्यांचं उखळ लाकडी, मुसळही लाकडी, फक्त त्याच्या टोकाला आपल्यासारखी लोखंडी कड्याची वसवी नाही. मला ते राहून गेलेलं वाटलं. आमच्याकडे असतं तर लोहाराकडून बसवून घेतलं असतं, असं मी मधूला म्हणालेही. हे पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

भरडा तागाच्या पोत्यात भरून घरामागच्या ओढ्यात, जुन्या पाणचक्कीच्या लाकडी पन्हळीखाली बांधायचा. पाणी वरून पडत राहतं, कडवटपणा घेऊन जातं. सहा रात्री. पोतं ओढ्यात घेऊन जायला मी कॉनराडचे रबरी बूट घातले, लावणीला उतरतात तसं लुगडं खोचलं आणि पाण्यात शिरले. पाणी इतकं गार की पोटर्‍या आपल्या आहेत की नाहीत ते कळेना. उजवा बूट गाळात राहिला, मी एका पायावर बाहेर आले. कॉनराड काठावर पाठ करून उभा होता, परक्या बाईच्या उघड्या पोटर्‍या दिसू नयेत म्हणून. बूट काढायला मात्र त्यालाच उतरावं लागलं.

मंगळवारी त्याने आम्हांला जंगल दाखवलं. आपल्या डोंगरातलं रान वेगळं. त्यात वेली आहेत, काटे आहेत, चालताना हाताने वाट करावी लागते. तिथे झाडाखाली झाडलेलं असावं अशी मोकळी जमीन, आणि ओकचे खांब एकामागून एक, पुतळ्यांसारखे. कॉनराड एका झाडाला हात लावून म्हणाला, "हे लावलं तेव्हा इथे राजे होते." दिवसातले त्याचे निम्मे शब्द त्यात संपले. पायाखाली नवीन आयशेल पडत होते, टप टप, आणि मधेच एखादा डोक्यावर. हेल्गाने डब्यात उकडलेले बटाटे आणि आंबट कोबी दिला होता. वर प्लमच्या फोडी लावलेला पसरट केक. मी मांस खात नाही हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिने कपाळाला आठी न घालता प्रत्येक वेळी माझं वेगळं केलं. हे लिहिणं माझं कर्तव्य आहे, कारण पुढे तिच्याशी माझं जमलं नाही.

संध्याकाळी लेना आणि मी पोतं चाळवायला ओढ्यावर गेलो. मधूला भाषांतराला बसवलं. मी तिला कडूकंदाबद्दल सांगितलं. आमच्या मुलींच्या आया पावसाळ्यात, घरातली नागली संपली की, रानातून कडूकंद खणून आणतात. तसाच खाल्ला तर माणूस ओकून ओकून मरेल. पातळ चकत्या करायच्या, राखेबरोबर शिजवायच्या, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या झर्‍यात ठेवायच्या. सकाळी विष जातं, पोटाला आधार राहतो.

लेनाला हे इतकं ओळखीचं वाटलं की तिने मधूचं बोलणं मधेच तोडलं. "राख! माझी आजीही घालायची. मग तुझ्या पोरी वसतिगृहात तसं जेवतात?"

"आता नाही," मी म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी तपासणीला निरीक्षक आले होते. मुलींच्या पानात कंद दिसला. म्हणाले, सरकार गहू देतं, तांदूळ देतं, आणि तुम्ही पोरींना पुन्हा रानटी करता? पातेलं अंगणात ओतायला लावलं. पुन्हा शिजवणार नाही असं लिहून घेतलं."

"आणि तू काय केलंस?"

"सही केली."

लेना पोतं दाबत राहिली. पन्हळीचं पाणी तांबूस होऊन खाली जात होतं. मधू म्हणाला, "आत्या, तुझा काय इलाज होता? नोकरीचा प्रश्न होता." मी त्याला गप्प बसायला सांगितलं. माझी बाजू मला पाठ होती. दोन वर्षं मी ती स्वतःला ऐकवत होते.

बुधवारी जेवणाच्या टेबलावर फुटलं. त्या वर्षी वेदीची मांडणी करायला हेल्गाची निवड झाली होती. ती इथली नव्हे, फ्रांकफुर्टची. लग्न होऊन आल्याला बारा वर्षं झाली तरी खालच्या गावच्या बायका तिला "शहरातली" म्हणत. दोन वर्षांपूर्वी वाडीला डांबरी रस्ता आला, घरात धुलाईयंत्र आलं, आणि आता ही मांडणी. तिला ओढ्यातलं पोतं दिसलं होतं.

"मुटर, यंदा नाही," ती म्हणाली. तिथे सासूला आई म्हणतात आणि सगळ्यांनाच अरेतुरे करतात. अहोजाहो नसलं की भांडणाला धार कमी येते असं मला वाटायचं. तसं काही नसतं. "यंदा मी मांडणार आहे. माझ्या मांडणीत डुकरांचं खाणं नको. लढाई संपून किती वर्षं झाली? सगळे विसरायला बघतात आणि आपण दर वर्षी गावासमोर आपली भूक मांडून ठेवतो."

"तेव्हा वेदीवर ठेवायला दुसरं काही नव्हतं," लेना म्हणाली. "तेव्हा देवाला चाललं. आता का चालत नाही?"

"देवाचं मला माहीत नाही. लोकांचं माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे? तू खाल्लास का कधी?"

हेल्गाने सुरी खाली ठेवली. "खाल्लाय. फ्रांकफुर्टात, वीस वर्षांची असताना. भिजवायचं असतं हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. आयशेल तसेच भाजून खाल्ले. चार दिवस पोट धरून जमिनीवर पडले होते. मला त्याचा वासही नको."

हे मधूने मला हळू आवाजात सांगितलं, आणि मी हेल्गाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तिचं चूक होतं असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आज म्हणत नाही. पण ज्याने आपलं पोट बिघडलं ते दुसर्‍याच्या वेदीवरून काढायचा हक्क मिळतो, हेही मला पटलं नाही.

शेवटी कॉनराड बोलला. तोड अशी काढली की पाव ठेवायचा, पण त्यात राईचं, म्हणजे मोहरीचं नव्हे तर तिथल्या गव्हासारख्या धान्याचं, पीठ मिसळलेलं असल्यामुळे तो इतर पावांसारखाच दिसतो, तेव्हा कोणी विचारलं तर राईचा म्हणायचं. हेल्गाने मान डोलावली. लेनाने हातातला पेला खाली ठेवला आणि मग तिनेही डोलावली. मला ते अजिबात आवडलं नाही. ती सही करताना मी कशी दिसले असेन ते मला त्या टेबलावर दिसलं.

आता माझी चूक.

वाडीची भट्टी सगळ्यांची मिळून एक. ती शनिवारी सकाळी पेटणार होती. सोमवारपासून मोजलं तर सहा रात्री भरत नव्हत्या, आणि गुरुवारी चाखलं तर भरडा अजून जिभेला ओढत होता. लेना म्हणाली, बघू. बघू हे मला जमत नाही. माझ्या डोक्यात हिशोब साधा होता: गार पाण्याने जे सहा दिवसांत निघतं ते गरम पाण्याने एका रात्रीत निघेल. कडूकंदाला आपण उकळतोच की. लेना दुपारची झोपली होती. मी अर्धं पोतं उपसलं, हेल्गाच्या स्वयंपाकघरातलं सगळ्यांत मोठं भांडं घेतलं, त्यात कढत पाणी ओतून भरडा घातला आणि झाकण ठेवलं. भांडं बिडाचं होतं. मधू तिथेच बसून सफरचंद खात होता.

शुक्रवारी सकाळी झाकण उघडलं तर आत शाई. पाणी काळंनिळं, भरडा काळा, भांड्याच्या कडेला काळी साय. मी हात घातला, बोटं काळी झाली.

"अगं आई गं," मधू मागून म्हणाला. "आत्या, टॅनिन आणि लोखंड! जुन्या काळी शाई अशीच करायचे. गेनाऊ, अगदी हीच रिअॅक्शन."

"तुझी डॉक्टरेट कशात आहे?"

"ओकच्या टॅनिनमध्ये."

"आणि काल तू समोर बसून काय करत होतास?"

"मला वाटलं, तू भाजी करतेयस."

मुसळाला लोखंड का नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. ज्या बायकांनी ते मुसळ घडवून घेतलं त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं आणि ज्याला येत होतं तो सफरचंद खात होता.

सांगणं भाग होतं. मी भांडं उचलून लेनासमोर नेऊन ठेवलं आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "मी. गरम पाणी. माझी चूक." तिने आत पाहिलं. चिमूटभर भरडा जिभेवर ठेवला, चघळला.

"कडू नाही," ती म्हणाली. "खराब नाही. फक्त काळा."

हेल्गा आली, मागोमाग कॉनराड. तिने भांडं पाहिलं, माझी बोटं पाहिली, आणि टेबलाचा कोपरा धरला. "आता याला राईचा कोण म्हणेल? हा तर बुटाच्या पॉलिशसारखा दिसेल. मुटर, आता नाही. कॉनराड, सांग तिला. आता तो प्रश्नच नाही."

तेव्हा लेना हसायला लागली. आधी बारीक, मग इतकी की तिला बसावं लागलं आणि मोडलेलं मनगट छातीशी धरावं लागलं. डोळे पुसून ती म्हणाली, "बरं झालं. आता कोणी विचारल्याशिवाय राहणार नाही. मला खोटं बोलायला लागणार नाही." मग माझ्याकडे वळून, "मेडशेन, उरलेलंही त्यात घाल. अर्धा काळा, अर्धा पांढरा, असा पाव मी आयुष्यात केला नाही."

मी घातलं. हेल्गा दार आपटून गेली.

सगळा भरडा पुन्हा एक रात्र पन्हळीखाली राहिला. कडवटपणा पार गेला, रंग गेला नाही. शनिवारी पहाटे चुलीवर हलकेच सुकवला, दळला, आंबवलेल्या राईच्या पिठात मिसळला. मळायचं काम माझं. भट्टीवर सहा घरच्या बायका आपापले गोळे घेऊन आल्या होत्या. आमचा गोळा पाहून एकीने छातीवर क्रुसाची खूण केली. थट्टेने की मनापासून, ते मला कळलं नाही. पाव बाहेर आला तो कोळशासारखा. लेनाने तो दोन्ही हातांत धरला, बुडाला टकटक केलं, कान लावला आणि म्हणाली, "माझ्या बापाला हा आवडला असता. त्याच्या धंद्याचा रंग आहे."

रविवारी मी बरी साडी नेसले, त्यावर मधूचा कोट. देऊळ लहान, भिंती पांढर्‍या. पुढे हेल्गाने केलेली मांडणी, आणि ती सुंदर होती हे सांगितलंच पाहिजे: कणसांचा गोफ, द्राक्षांचे घोस, मोठे केशरी भोपळे, आणि पुढच्या ओळीत पाव. मी मोजले. वाडीचे पाच. सहावा भोपळ्यांच्या मागे होता. त्याची काळी कड तेवढी दिसत होती.

माझ्या शेजारी बसलेल्या लेनालाही दिसलं. तिने पुढच्या बाकाला धरून उठायचा प्रयत्न केला. पलीकडून कॉनराडने तिची बाही धरली. "मुटर, बस." ती ओढत होती, तो धरून होता, आणि त्या मनगटात जोर नव्हता. लोक वळून बघायला लागले. ती बसली. रडली वगैरे नाही. फक्त हात मांडीवर ठेवले आणि समोर बघायला लागली, आणि त्या हातांना काय झालं आहे ते मला माहीत होतं. सही केल्यावर माझेही हात असेच मांडीवर होते.

मी उठले.

"आत्या, बस खाली," मधू दातांतून म्हणाला. "प्लीज. तुला कळत नाही, इथे असं चालत नाही. नाइन, आत्या, नको."

मधल्या वाटेने वेदीपर्यंत किती पावलं होती ते मोजलं नाही, पण माझ्या बुटांचा आवाज होत होता आणि दुसरा कोणताही आवाज नव्हता. साडीतली परकी बाई, धर्माने वेगळी. मला अडवायचं तर कोणी आणि कोणत्या शब्दांत, हे कोणालाच सुचलं नाही. त्याचा मी फायदा घेतला, हे कबूल करते. हेल्गा बाजूला उभी होती, पांढरी पडलेली. मी भोपळ्यामागून पाव काढला, पुढे आणला आणि बरोबर मधोमध, मेणबत्तीपाशी ठेवला. आता देवापुढे आलेच होते तर तसंच वळणं बरं दिसलं नसतं, म्हणून घरी करते तसा नमस्कार केला आणि परत जाऊन जागेवर बसले. लेनाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने फक्त थोडं सरकून मला जास्त जागा दिली.

पाद्री बाहेर आला. त्याने पाव पाहिला, मला पाहिलं, पुन्हा पाव पाहिला, आणि प्रार्थना सुरू केली.

प्रार्थनेनंतर पाव बाहेर अंगणात कापून वाटतात. कापायचं काम मांडणी करणार्‍या बाईचं, म्हणजे हेल्गाचंच. काळ्या पावाशी आली तेव्हा तिचा हात थांबला. तिथे गावच्या प्रमुखाची बायको उभी होती, आपल्या भाषेत सरपंचीण म्हणू, टोपीला पीस लावलेली.

"हा जळला का?" तिने विचारलं.

"नाही," लेना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आयशेलचा आहे."

"अगं बाई! ते तर आम्ही डुकरांना घालतो."

"डुकरं धुऊन खात नाहीत," लेना म्हणाली. "मी सहा दिवस धुते."

म्हातारे हसले. सरपंचीण हसली नाही. एक म्हातारा, काठी टेकत, पुढे आला आणि त्याने हेल्गापुढे हात केला. हेल्गा त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने सुरी लावली आणि कापलं; जाड, नीट, इतर पावांसारखंच. त्याने उभ्याउभ्याच खाल्लं. मग आणखी एक तुकडा मागितला आणि तो रुमालात बांधून खिशात ठेवला.

"चव तीच आहे," तो म्हणाला. "पण पूर्वी इतका काळा नसायचा."

लेनाने माझ्याकडे बोट केलं. "तो हिने केला."

सगळे माझ्याकडे वळले. मधू जमिनीकडे बघत होता. "हो," मी जर्मनमध्ये म्हणाले, "मी केला," आणि एक तुकडा उचलून खाल्ला. चव सांगायची तर भाजलेल्या फणसाच्या आठळीची आठवण येते, मागून थोडी तुरट. बरोबर मीठ आणि लोणी हवं. मला आवडला. नसता आवडला तरी संपवला असता.

हेल्गाने तो खाल्ला नाही. खावा असं मला वाटलंही नाही. वाडीकडे परत चालताना ती माझ्या बाजूला आली आणि चार साध्या शब्दांत, मला मधूशिवाय समजेल असं, म्हणाली, "ते भांडं तू घासायचंस." मी हो म्हटलं. तासभर लागला. काळं पुरतं निघालं नाही.

सोमवारी सकाळी उठले तेव्हा आयशेलचं रिकामं पोतं धुऊन मागच्या दाराबाहेर खिळ्याला वाळत टाकलेलं होतं. लेना अजून झोपलेली होती आणि कॉनराड कामावर गेला होता. हेल्गा चुलीशी पाठमोरी होती.

चहा झाल्यावर मी टेबल पुसलं, वहीतलं एक पान फाडलं आणि निरीक्षकसाहेबांना पत्र लिहिलं. "स. न. वि. वि. कडूकंद शिजवणार नाही असं मी आपल्याला लिहून दिलं होतं. ते मी परत घेत आहे. मी पुढच्या महिन्यात रुजू होईन. त्यानंतर रानात कंद मिळेल तेव्हा तो आठवड्यातून एकदा वसतिगृहात शिजेल. मुलींच्या आया येऊन शिजवतील आणि मी त्यांच्याकडून शिकेन. तपासणीला यायचं असल्यास जेवायच्या वेळी यावं. आपलं पान मांडलेलं असेल."

खाली सही केली, बूट घातले, आणि डांबरी रस्त्याने खालच्या गावात चालत जाऊन ते पत्र पेटीत टाकलं.